सगळ्यांना पाच-नऊ

"डीव्हीडी," इंगवले म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "ओव्हर."

समोरासमोर खुर्च्या टाकून बसलेल्या सात माणसांत 'ओव्हर' म्हणायची काही गरज नव्हती. पण इंगवले टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि चाळीस वर्षं वायरलेसवर बोलत आलेले. घरी सुनेकडे आमटी मागतानाही ते ओव्हर म्हणत. त्यांनी ते म्हटल्याशिवाय आमच्या हौशी रेडिओ मंडळात दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, अशी रीत होती. वायरलेसवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघं बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही. ही शिस्त आम्ही हवेतून उतरवून खोलीत आणली होती. त्यामुळे आमची भांडणंसुद्धा रांग लावून होत.

प्रश्न होता, मंडळाच्या प्रचाराचा सिनेमा कशावर काढायचा. रांगेत पुढचे हस्तीमलशेठ होते. कापडाचे व्यापारी, आणि मंडळातला एकुलता एक हँडीकॅम त्यांचा. मुलीच्या लग्नात घेतलेला. ते म्हणाले की डीव्हीडी कुणाकडे आहे, व्हीसीडी करा, केबलवाला आपल्या ओळखीचा आहे, संध्याकाळच्या पिक्चरच्या आधी फुकटात लावेल. ओव्हर.

मग फारूक मोमीन. हा माझा जुना विद्यार्थी, नववीत दोन वर्षं माझ्याकडे होता, आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान. तो म्हणाला, "साहेब, टीव्हीफिवी सोडा. दोन मिनिटांची क्लिप करूया, ब्लूटूथनं सोडूया. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आठ दिवसांत गावभर. ओव्हर."

"दोन मिनिटांत आयनोस्फियर कसं समजावणार?" इंगवल्यांनी विचारलं. ओव्हर म्हणायला ते विसरले, इतका त्यांना धक्का बसला होता.

उरलेले तिघं मान डोलावणारे होते. त्यांनी सगळ्यांच्याच म्हणण्याला मान डोलावली.

हे सगळं दोन हजार आठ सालचं. पंचगंगेकाठचं आमचं गाव यंत्रमागांचं. आठवडाभर सगळीकडे मागांचा खडखडाट. इथली माणसं एकमेकांच्या कानात बोलतानाही ओरडतात, आणि परगावचे पाहुणे समजतात की घरात भांडण चाललंय. मागांना आठवड्याची एक सुट्टी असते. त्या दिवशी गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं आणि आमचे रेडिओ मात्र ऐकू लागतात, कारण मागांच्या मोटारींची सगळी खरखर त्या दिवशी बंद असते. म्हणून आमच्या मंडळाच्या बैठका सुट्टीच्या वारी.

हौशी रेडिओ म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, छपरावर तार लावायची आणि जगाच्या पाठीवर आपल्यासारखंच आणखी कुणी रिकामटेकडं भेटतंय का ते बघायचं. भेटलं की त्याला विचारायचं, माझा आवाज कसा येतोय? तो सांगतो. मग तो विचारतो, माझा कसा येतोय? आपण सांगतो. मग हवापाणी. झालं. पूर आला, वादळ आलं, फोन बंद पडले, तर याच रिकामटेकड्यांचा उपयोग होतो, हे खरं. पण एरवी हवापाणी.

आवाज कसा येतोय ते सांगायला दोन आकडे असतात. पहिला स्पष्टपणाचा, एक ते पाच. दुसरा जोराचा, एक ते नऊ. सगळं उत्तम असेल तर पाच-नऊ. नियम असा की खरं सांगायचं. रीत अशी की सगळ्यांना पाच-नऊ द्यायचा. समोरचा माणूस बादलीत तोंड घालून बोलतोय असा आवाज येत असला तरी आपण म्हणायचं, "पाच-नऊ मित्रा, फारच छान. नाव परत सांगता का?" देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याला झोप चांगली लागते.

सिनेमाचा घाट का घातला होता? कारण आमची खोली जाणार होती. एका वाचनालयाच्या गच्चीवर ही खोली आणि तिच्या शेजारी आमचा लोखंडी खांब, त्यावर तारा. वाचनालयाचे कार्यवाह कुलगोंडा पाटील एक दिवस जिना चढून आले, धापा टाकत बसले आणि म्हणाले, "इंगवले, माझ्याजवळ हास्यक्लबाची तीस माणसं दारात उभी हाईत. तुमच्याकडं हाईत सात. त्यातला एक बी हसत न्हाई." पाडव्यापर्यंत दहा नवी माणसं आणा, नाहीतर किल्ली द्या, असं सांगून ते धापा टाकतच उतरले.

आमच्यापैकी सहा जणांचं त्यात फारसं काही अडत नव्हतं. कुणाला स्वतःचं छप्पर होतं, कुणाचं परसू होतं. इंगवले मात्र मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत. गच्चीवर तार लावली तर लिफ्टमध्ये करंट उतरेल, असं त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं ठाम मत होतं. ही खोली गेली असती तर इंगवल्यांचा आवाज हवेतून कायमचा जाणार होता. ते तसं कधी बोलले नाहीत. फक्त त्या महिन्यात त्यांनी खोलीतलं प्रत्येक यंत्र दोन दोनदा पुसलं.

"मगदूम बाई, तुमचं?" त्यांनी मला विचारलं. "ओव्हर."

मी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवून नुकतीच मोकळी झाले होते. मी म्हटलं, "कॅसेट. गाण्याची असते ती. साधी."

हस्तीमलशेठ हसले. मान डोलावणारे तिघंही हसले.

माझं म्हणणं खुळ्यासारखं वाटलं तरी खुळं नव्हतं. रेडिओवरून चित्र पाठवायची एक जुनी पद्धत आहे. चित्राचा आवाज करायचा. शिट्ट्यांसारखा, किरकिरणारा. तो आवाज हवेतून जातो आणि पलीकडे संगणक तो ऐकून परत चित्र काढतो, वरून खाली, एकेक ओळ करत. एका चित्राला दोनेक मिनिटं लागतात. हा आवाज साध्या कॅसेटवरही भरता येतो. मी तसा भरून बघितलाही होता, भावगीतांच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला.

"बाई, ती खेळणी झाली," इंगवले म्हणाले. "दोन मिनिटाला एक चित्र. आपल्याला सिनेमा दाखवायचाय."

मुलांना खेळणी आवडतात, असं मी म्हणणार होते. पण त्यांनी अजून ओव्हर म्हटलं नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला तो आमच्या मंडळाला शोभेल असाच. सिनेमा एकच, पण डीव्हीडीही करायची, व्हीसीडीही करायची आणि फारूकची क्लिपही. कशात वाढायचं यावर आम्ही दोन तास भांडलो, काय शिजवायचं यावर पाच मिनिटं. विषय इंगवल्यांवर सोपवला.

शूटिंग तीन सुट्ट्या चाललं. हस्तीमलशेठना हँडीकॅम लग्नातच चालवायची सवय. त्यामुळे ते इंगवल्यांच्या चेहऱ्यावरून सुरुवात करून सावकाश त्यांच्या पायापर्यंत यायचे आणि परत वर जायचे. इंगवले खांबाशेजारी उभे राहून, हातात छडी घेऊन, आयनोस्फियरचे, म्हणजे रेडिओच्या लहरी परत खाली धाडणाऱ्या आकाशातल्या हवेचे, थर समजावत. दर दोन वाक्यांनी ओव्हर म्हणून थांबत. मग पुन्हा सुरू. फारूकनं एकदा विचारलं की साहेब, इथं ओव्हर कशाला, तर त्यांनी सांगितलं की शिस्त दिसली पाहिजे.

कापाकापीचं काम लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे दिलं. तोच एक स्वस्तात करणारा होता. त्यानं मनापासून केलं. इंगवले बदामाच्या आकारातून उमलत यायचे. खांब दुसऱ्या बदामातून यायचा. मग दोन बदाम एकमेकांत विरघळायचे आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. मागं सनई.

मंडळात पहिल्यांदा सिनेमा लावला तेव्हा पाऊण तास कुणी हललं नाही. संपल्यावर इंगवले उठले, दिवा लावला, सगळ्यांकडे पाहिलं. "रिपोर्ट? ओव्हर."

"पाच-नऊ," हस्तीमलशेठ म्हणाले.

"पाच-नऊ, साहेब," फारूक म्हणाला. तो निदान माझ्याकडे न बघता म्हणाला.

तिघांनी मान डोलावून पाच-नऊ दिला. त्या खोलीत कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटलं नाही. हात आपोआप वर जातो तसा तो पाच-नऊ आला. सनईबद्दल कुणी बोललं नाही. बदामाबद्दल कुणी बोललं नाही.

"पाच-सात," मी म्हटलं.

खोलीत थंडी पडली. पाच-सात म्हणजे बाहेरच्या माणसाला वाटेल बरेच मार्क आहेत. आमच्यात पाच-सात म्हणजे लग्नाला जाऊन जेवण ठीक होतं म्हणण्यासारखं. इंगवले आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलायची पाळी आली तर फारूकमार्फत निरोप द्यायचे.

पण सिनेमा दाखवायला शाळा हवी होती आणि शाळा माझी होती. मी मुख्याध्यापकांना भेटले. शनिवारी सकाळच्या, आठवी-नववीच्या शेवटच्या दोन तासिका मिळाल्या. इंगवल्यांनी कुलगोंडा पाटलांनाही आग्रहाचं बोलावणं दिलं. पाटील आले. पहिल्या रांगेत एक खुर्ची, गळ्यात हार, मांडीवर नारळ.

शाळेचा प्लेअर पहिल्यांदा डीव्हीडी आत घ्यायलाच तयार झाला नाही. घेतली, थोडा वेळ गुरगुरला आणि परत बाहेर ढकलली. लहान मूल नको असलेला घास ढकलतं तशी. इंगवल्यांनी ती रुमालानं पुसून पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा मुलांनी आकडे मोजायला सुरुवात केली. मग हस्तीमलशेठनी खिशातून व्हीसीडी काढली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं तसं मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. पहिल्या बदामाला खुसखुस झाली. दुसऱ्या बदामाला मागच्या रांगेतून कुणीतरी अक्षता टाकल्यासारखे हात केले. मग आयनोस्फियर आलं आणि हसूसुद्धा बंद झालं. मुलांचा सिनेमा मला पडद्यावर बघावा लागत नाही, जमिनीवर दिसतो. आधी पाय हलतात. मग पाय चपलेच्या शोधात निघतात. विसाव्या मिनिटाला सगळ्या हॉलचे पाय चपलांत होते.

सिनेमा संपला. इंगवले पडद्यासमोर आले. इस्त्रीचा सफारी, कंगवा फिरवलेले चार केस. त्यांनी ठरवल्याप्रमाणे विचारलं, "तर बालमित्रांनो, रिपोर्ट काय? ओव्हर."

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"बाई, यांना रिपोर्टची पद्धत सांगा," इंगवले म्हणाले. आठवड्यानंतर पहिल्यांदाच ते थेट माझ्याशी बोलले होते. पाटलांकडे बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे आता ऐका.

शिकवणं हे माझ्याच्यानं अर्धवट होत नाही. मी फळ्यावर दोन आकडे काढले. पहिला स्पष्टपणाचा. पाच म्हणजे प्रत्येक शब्द कळला, एक म्हणजे काहीच कळलं नाही. दुसरा जोराचा. नऊ म्हणजे कानात घुमला. "आणि नियम एकच," मी म्हटलं. "खरं सांगायचं. खोटा रिपोर्ट दिला तर समोरच्याला वाटतं आपली तार ठीक आहे, आणि तो ती कधीच दुरुस्त करत नाही. आधी पहिला आकडा. बोटं वर करा."

दोनशे हात वर झाले. प्रत्येक हातावर एक बोट.

"आता दुसरा."

आता दोन्ही हात. बहुतेकांनी नऊ बोटं केली. सनईला दिले असावेत.

इंगवल्यांनी हॉलभर पाहिलं. त्यांना आधी वाटलं मुलांना पद्धत कळली नाही. पुढच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती, वृषाली कुंभोजे. वडील मागावर. ती अजून नऊ बोटं वर धरून बसली होती. इंगवल्यांनी तिला उभं केलं. "एक-नऊ? असा रिपोर्ट नसतो, बाळ. जोर नऊ असेल तर कळायला नको?"

"मोठ्यानं बोलताय, सर," ती म्हणाली. "पण काय म्हणताय ते कळत नाही."

कुणी हसलं नाही. मुलांनाही कळतं कधी हसायचं नाही ते.

"काहीच?"

तिनं विचार केला. खरं सांगायचं असा नियम होता. "सर, तुम्ही ओव्हर म्हणून थांबता. मग कुणीच बोलत नाही. मग परत तुम्हीच बोलता. तुम्ही कुणाशी बोलत होता?"

इंगवल्यांनी हातातली छडी टेबलावर ठेवली. चाळीस वर्षांत त्यांना एक-नऊ कुणी दिला नव्हता, आणि पाटलांसमोर तर नाहीच. पाटलांनी हार काढून नारळावर ठेवला. ते उठले आणि चांगल्या मनानं, हळू आवाजात म्हणाले, "असू दे, इंगवले. तुम्ही खटपट केली. किल्ली पाडव्याला द्या, घाई न्हाई."

मुलं अर्धी उभी राहिली होती. फारूक माझ्याकडे बघत होता. इंगवल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. यंत्रं पुसायचे तसा.

"बाई," ते म्हणाले, "तुमची ती कॅसेट आणलीय?"

कॅसेट पिशवीत होती. माझ्या पिशवीत ती नेहमी असे. पण फारूक एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्या कॅसेटवर कुठलं चित्र होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. चाचणीसाठी एखादं चित्र हवं होतं आणि फारूकच्या मोबाईलमध्ये एक होतं, तेवढंच.

"ती लावण्यासारखी नाही," मी म्हटलं.

"का?"

"चाचणीची आहे. चित्र बरं नाही."

"पाच-सातपेक्षा वाईट नसेल," इंगवले म्हणाले. "लावा."

ओव्हर म्हटलं नव्हतं, पण बोलणं संपलं होतं.

संगणकांची खोली शेजारीच. चपला बाहेर, संगणकांवर प्लास्टिकची आवरणं, देवघरासारखी व्यवस्था. दोनशे मुलं आत मावणं शक्य नव्हतं, पण मावली. काही टेबलांवर, काही खिडकीत. पाटलांना खुर्ची मिळाली नाही, ते दोन वेण्यांमधून बघत होते. मी टेपरेकॉर्डर संगणकाच्या माईकसमोर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी भावगीताची एक ओळ आली, कारण मी बाजू चुकले होते. मग उलटी केली. मग तो आवाज सुरू झाला. पाटा घासल्यासारखा, रातकिड्यांचं लग्न लागल्यासारखा. मुलांनी कानांवर हात ठेवले. आणि पडद्याच्या अगदी वरच्या कडेला एक बारीक रंगीत रेघ उमटली. तिच्याखाली दुसरी.

कानांवरचे हात खाली आले.

"हा आवाज चित्र काढतोय," मी सांगितलं. "तुमच्या कानाला किरकिर, त्याला ओळ. बघा काय निघतंय."

"पंखा," कुणीतरी म्हणालं. खरंच छताचा पंखा होता. त्याखाली ट्यूबलाईट, जराशी तिरकी. माझा टेपरेकॉर्डर मंद फिरायचा, म्हणून सगळं चित्रच एका बाजूला कलत चाललं होतं. ओळीमागून ओळ. मग ट्यूबलाईटच्या खाली काहीतरी चकचकीत वर येऊ लागलं.

"सूर्य."

"दिवसा ट्यूब लावून सूर्य होय रे? चंद्र आहे."

"कळशी."

"टक्कल," मागून आवाज आला, आणि पुढची ओळ उमटली तसं ते टक्कलच झालं. चार केस. मग कपाळ. कानांवर हेडफोन. मग मिटलेले डोळे. या जागी मुलं गप्प झाली, कारण त्यांनी ओळखलं होतं, आणि माझ्यासारखंच त्यांनाही ठाऊक होतं की खाली अजून अर्धं चित्र शिल्लक आहे. आवाज किरकिरत राहिला. नाक आलं. मग तोंड आलं. ते उघडं होतं, चांगला मोठा लाडू मावेल इतकं. मग बनियन, मग पोट, आणि पोटावर अलगद ठेवलेला चहाचा रिकामा कप. सगळे इंगवले बुडत्या होडीसारखे डावीकडे कललेले.

किरकिर थांबली.

मी मागं वळून बघायचं टाळलं. दोनशे मुलं मात्र वळली. इंगवले दारात उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग फारूककडे. फारूक पायात नसलेल्या बुटाची नाडी शोधायला वाकला.

"मी झोपलो नव्हतो," इंगवले म्हणाले. "ऐकत होतो."

मग जे हसू फुटलं ते वाचनालयाच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल. पाटलांचा नारळ खाली पडला. हस्तीमलशेठ टेबलाला धरून उभे होते. आणि इंगवलेही हसत होते का, ते मला नीट दिसलं नाही. चष्मा पुन्हा त्यांच्या हातात होता.

हसू ओसरल्यावर वृषाली कुंभोजेनं हात वर केला. "सर, काय ऐकत होता?"

इंगवले आत आले. एका बुटक्या स्टुलावर बसले, गुडघे छातीपाशी. आणि त्यांनी सांगितलं. त्रिवेंद्रमकडचा एक माणूस होता, मोडक्या हिंदीत बोलायचा. त्याची कोंबडी हरवली होती. पांढरी, एका पायात निळा दोरा. तो कुणालातरी ते सांगत होता आणि त्याचा आवाज इतका बारीक येत होता की डोळे मिटल्याशिवाय कळत नव्हता. सकाळपासून ते तेवढंच ऐकत बसले होते. शेजाऱ्याकडे बघितलं का, विहिरीपाशी बघितलं का, असं पलीकडचा विचारत होता.

एकदाही ओव्हर म्हणाले नाहीत. मुलं मधे मधे बोलत होती आणि ते मधे मधे उत्तरं देत होते.

"मग सापडली का कोंबडी?"

"माहीत नाही," इंगवले म्हणाले. "सुट्टी संपायच्या आधीच कुणीतरी माग चालू केला. सगळी खरखर. पुढचं काहीच आलं नाही."

"मग आता?"

"आता पुढच्या सुट्टीला बघायचं. असेल तो तिथंच."

घंटा झाली. मुलं हलेनात. पाटील माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, म्हणजे ओरडलेच, "बाई, मला बी असं आवाजात घालता येतंय का? झोपल्यालं नको. फेटा घालून."

पुढच्या सुट्टीला वाचनालयाच्या जिन्यावर चपलांचा ढीग लागला. कोंबडीचं काय झालं ते विचारायला मुलं आली होती. फारूकचं ठाम मत होतं की कोंबडी साहेबांनी ऐनवेळी रचली. इंगवले रेडिओशी बसले तेव्हा त्यांच्या कानामागे घाम होता, त्यावरून मलाही शंका आली. तो माणूस मिळाला नाही. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही नाही. तोवर मुलांना इतर आवाज मिळाले, मुलांनी इंगवल्यांचे कान खाल्ले, परीक्षा किती कठीण असते ते विचारलं. बारा वर्षांच्या वरच्या कुणालाही देता येते म्हटल्यावर कुणाची तरी अकरा वर्षांची धाकटी बहीण रडली. तिसऱ्या सुट्टीला तो माणूस आला. खोलीत श्वास घ्यायची सोय नव्हती. इंगवल्यांनी मोठ्या धीरानं विचारलं. कोंबडी सापडली होती, शेजाऱ्याच्या आमटीत. मुलांनी दोन मिनिटं शांतता पाळली, आणि फारूकनं इंगवल्यांना चहा पाजला.

पाडव्याला पाटलांना दहाऐवजी बावीस नावं मिळाली. पाटलांनी मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवला. खोली सकाळी हास्यक्लबाला, संध्याकाळी आम्हाला. हास्यक्लबाची माणसं कधी उशिरापर्यंत रेंगाळत. भिंतीवर त्यांनी एक चित्र बघितलं होतं, कललेलं, आणि त्यांना म्हणे वेगळा व्यायाम लागत नसे. त्या पाऊण तासाच्या सिनेमाच्या शिल्लक राहिलेल्या डीव्हीडी इंगवल्यांनी दोऱ्यात ओवून गच्चीवर टांगल्या. कबुतरं येत नाहीत म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. इंगवले पंच्याऐंशीच्या पुढे गेले. घशाचं दुखणं झालं, आवाज बसला तो उठलाच नाही. जिना चढवेना, तेव्हा फारूकनं त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीत एक बारीकशी तार बसवून दिली, पडद्याच्या दांडीसारखी दिसणारी. सेक्रेटरीला अजून पत्ता नाही. जवळच्या बोलण्याला मागांची खरखर आड येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी आमची सगळ्यांची हवेत हजेरी असते. इंगवल्यांची पाळी आली की यंत्रातून नुसती हवा गेल्यासारखा आवाज यायचा. आणि आम्ही सगळे म्हणायचो, पाच-नऊ, साहेब, फारच छान. हस्तीमलशेठ म्हणायचे, तिघं म्हणायचे. मीही एकदोनदा म्हटलं. पंच्याऐंशीच्या माणसाला काय सांगायचं?

एका संध्याकाळी वृषाली कुंभोजे हजेरीत आली. ती आता बेळगावला नोकरी करते, परवाना आहे, कधीमधी येते. इंगवले काहीतरी बोलले. पाच-नऊची रांग सुरू झाली. तिची पाळी आली.

"सर, एक-दोन," ती म्हणाली. "काही कळलं नाही. माईक तोंडाजवळ घ्या आणि परत सांगा."

 मला वाटलं ते बंद करून उठून गेले.

मग खरखर झाली, आणि त्यांनी परत सांगितलं. ती म्हणाली, दोन-दोन, आणखी एकदा. त्यांनी आणखी एकदा सांगितलं. ती मागावरच्या घरात वाढलेली पोर. खडखडाटातून शब्द वेचायची तिला सवय.  चौथ्यांदा मलाही ऐकू आलं.

"आज शेवग्याची आमटी होती," इंगवले म्हणत होते.

"मिळालं, सर," वृषाली म्हणाली. "चांगली झाली होती का?"

बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणी पुढचा प्रश्न विचारला होता. ते बोलू लागले. मीठ कमी होतं म्हणाले. त्या दिवशी हजेरी फार लांबली, आणि आम्ही सगळे डोळे मिटून ऐकत बसलो.